खाऱ्या पाण्याच्या लहान मत्स्यपेटींतील शेजार

गोड्या पाण्यांतील गप्पी किंवा गोल्डफिश पाळून हात बसला, म्हणजे पुष्कळांचें मन खाऱ्या पाण्यांतील माशांकडे ओढ घेऊं लागतें. आणि त्यांत नवल नाहीं. प्रवाळांच्या खडकांवर राहणाऱ्या माशांइतके रंग सृष्टींत फार थोड्या प्राण्यांस लाभले आहेत. सन २००३ मध्यें निघालेल्या 'फाइंडिंग नेमो' ह्या बोलपटानें तर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा घरोघरच्या मुलांच्या परिचयाचा करून सोडला. परंतु दुकानांत जें जें सुंदर दिसेल तें तें उचलून एका पेटींत घातलें, तर त्यांतील कित्येक मासे थोड्याच दिवसांत दगावतात; आणि पुष्कळदां त्यांचें मरण रोगानें नव्हे, तर वाईट शेजारानें ओढवलेलें असतें. हा शेजार कसा पारखावा, हें विद्यार्थ्यांस व पेटीचा खर्च करणाऱ्या त्यांच्या वडील मंडळींस सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम समुद्र व पेटी ह्यांतील मुख्य भेद ध्यानांत घेतला पाहिजे. प्रवाळाच्या खडकावर बहुतेक प्रत्येक कपारीला कोणी तरी मालक असतो. परका मासा तेथें आला, कीं मालक त्याच्यावर धावून जातो. परका पळून जातो, आणि भांडण तेथेंच मिटतें. दहा हात दूर गेलें, म्हणजे पराभूताचा जीव वांचतो. पेटींत हे दहा हात नसतात. तेथें पराभूत पळतो, काचेपाशीं अडतो, मागें फिरतो आणि पुनः त्याच मालकाच्या तोंडीं सांपडतो. मग त्याचे पर फाटतात, तो कोपऱ्यांत दडून राहतो, अन्न टाकतो आणि शेवटीं मरतो. मारणारा मासा दुष्ट नसतो. समुद्रांत जें त्यानें केलें असतें तेंच तो येथें करतो. त्या दोघांस एकाच भिंतींत कोंडण्याचें काम मात्र आपण केलेलें असतें.

कोनराड लोरेन्त्स ह्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांनीं १९६३ सालीं प्राण्यांच्या आक्रमक वृत्तीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा आरंभच प्रवाळमाशांच्या निरीक्षणानें होतो. ह्या माशांचा खरा राग परजातीयांपेक्षां स्वजातीयांवर अधिक असतो, असें त्यांस दिसून आलें. कारण उघड आहे. ज्याला आपलेंच अन्न व आपलीच कपार हवी असते, तोच खरा प्रतिस्पर्धी. हें एक सूत्र नीट समजलें, तर पुढील पुष्कळ गोष्टी आपोआप कळतील.

आतां पेटीचें माप पाहूं. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४० उंच अशी पेटी घेतली, तर तिचें घनफळ ९६,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ९६ लिटर होतें. वरची चार बोटें जागा रिकामी सोडावी लागते, आणि आंत खडक व वाळू असते. तेव्हां प्रत्यक्ष पाणी ७५ लिटरांच्या आसपास धरावें. एवढ्या पाण्यांत ३, फार तर ४ लहान मासे सुखानें नांदतात. हा आंकडा ऐकून मुलांची निराशा होते. परंतु मासे जें खातात त्याचा मळ अमोनियाच्या रूपानें त्याच पाण्यांत उतरतो, हें विसरतां येत नाहीं. खडकावर व वाळूंत वाढणारे सूक्ष्म जंतु त्या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. पहिलीं दोन द्रव्यें माशांस विषारी आहेत; तिसरें पुष्कळ सौम्य असून तें वरचेवर थोडें पाणी बदलून कमी करतां येतें. हे जंतु पुरेसे वाढण्यास बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. तोंपर्यंत पेटींत एकही मासा सोडूं नये. क्षारांचें प्रमाण दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम आणि उष्णतामान २४ ते २७ अंश सेंटिग्रेड असावें. स्वयंपाकाचें मीठ येथें उपयोगी पडत नाहीं. समुद्राच्या पाण्यांतील सर्व क्षार असलेलें तयार मीठ विकत मिळतें, तेंच घ्यावें.

पेटी अशा रीतीनें सिद्ध झाली, म्हणजे घ्यावयाच्या प्रत्येक माशाविषयीं पांच प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल? दुकानांत दिसणारे मासे बहुधा पिल्लेंच असतात. वरील बोलपटांतील 'डोरी' हा निळा सर्जनमासा दुकानांत ३-४ सेंटिमीटरांचा असतो, पण वाढून सुमारें ३० सेंटिमीटरांचा होतो. येथें गणिताचा विचार करावा. लांबी दसपट झाली, कीं उंची व जाडीही सुमारें दसपट होतात. म्हणजे वजन हजारपट होतें. त्याचें अन्न व त्याचा मळही त्याबरोबर पुष्कळ वाढतो. शिवाय हा मासा दिवसभर खडकांवरून लांबवर पोहणारा. ६० सेंटिमीटरांच्या पेटींत त्यास कुशीवर वळण्यापुरतीहि जागा उरणार नाहीं. म्हणून लहान पेटींत पूर्ण वाढ १० सेंटिमीटरांच्या आंत असणारेच मासे घ्यावे.

दुसरा प्रश्न : हा काय खातो? सिंहमाशाच्या तोंडांत मावेल असा प्रत्येक लहान मासा त्याचें भक्ष्य होय. त्यास लहान माशांच्या शेजारीं ठेवणें म्हणजे मांजराला उंदरांच्या पिंजऱ्यांत ठेवण्यासारखें आहे. फुलपाखरू-माशांपैकीं पुष्कळ जाती प्रवाळांचे जिवंत जीवच कुरतडतात, म्हणून प्रवाळांच्या पेटींत त्यांस स्थान नाहीं. आणि मँडरिन नांवाचा, निळ्या व नारिंगी नक्षीचा मासा तर भांडखोरही नाहीं व प्रवाळभक्षकही नाहीं. तरी तो घेऊं नये. तो खडकावरचे बारीक जलकीटक दिवसभर वेंचून खातो. लहान पेटींतील ते कीटक लौकरच संपतात, आणि बहुतेक मँडरिन मासे दुसरें अन्न पत्करीत नाहींत. शेजारी कितीही चांगले असले तरी हा सुंदर मासा तेथें सावकाश उपाशीं मरतो.

तिसरा प्रश्न : ह्याचा स्वभाव कसा, आणि हा पेटीच्या कोणत्या भागांत राहतो? डॅम्सेल जातीचे मासे स्वस्त, चिवट व चमकदार असतात, म्हणून नवशिक्यास तेच प्रथम विकले जातात. पण त्यांतील पुष्कळ जाती मोठेपणीं सगळी पेटी आपली समजतात, आणि मागाहून आलेल्या प्रत्येकाचा छळ करतात. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डॉमिनो डॅम्सेल हें ह्याचें ठळक उदाहरण होय. उलट, अग्निमासा इतका भित्रा असतो, कीं दुसऱ्यानें नुसता पाठलाग केला तरी तो पेटीबाहेर उडी घेतो. त्याच्या पेटीवर जाळीचें झांकण अवश्य हवें, आणि त्याचे शेजारीही शांतच हवे. ह्याशिवाय एकानें वाळूवर, दुसऱ्यानें कपारींत व तिसऱ्यानें मोकळ्या पाण्यांत राहावें, अशी योजना केली तर त्यांचीं कुंपणें एकमेकांस भिडत नाहींत.

चौथा प्रश्न : हा आपल्या जातीच्या किंवा आपल्यासारख्या दिसणाऱ्या माशांशीं कसा वागतो? ह्याचें उत्तर प्रत्येक जातीस निराळें आहे. विदूषक मासे जन्मतः सर्व नर असतात; त्यांच्या लहानशा घरकुलांत सर्वांत मोठा मासा मादी बनतो, व त्याच्या खालचा तिचा जोडीदार होतो. म्हणून दोन लहान विदूषक मासे, शक्य तर एक थोडा मोठा व एक थोडा लहान, एकत्र आणले तर त्यांची जोडी सुखानें जमते. परंतु तिसरा आणला कीं त्याच्यावर दोघांचाही मारा होतो. त्यांस समुद्रफूल लागतेंच असें नाहीं. समुद्रफुलास तीव्र प्रकाश व स्थिरावलेली जुनी पेटी लागते, आणि तें जागा सोडून फिरूं लागलें तर शेजारच्या प्रवाळांस दंश करतें; तेव्हां नव्या पेटींत तें नसलेलें बरें. कॅरिबियन समुद्रांतील रॉयल ग्रामा हा पुढून जांभळा व मागून पिवळा मासा एकटा असला, तर शांतपणें कपारीच्या छताखालीं उलटा लोंबकळत राहतो. दोन ठेवले तर लढाई जुंपते. हुबेहूब तशाच रंगांचा रॉयल डॉटीबॅक हा निराळ्या कुळांतील व फार तापट मासा आहे. दुकानांत हे दोन ओळखण्यांत चूक होऊं देऊं नये, आणि दोघांस एकत्र तर मुळींच ठेवूं नये.

पांचवा प्रश्न : हा आला कोठून? इंडोनेशियांतील बांगाई बेटांभोंवतींच मूळचा असणारा बांगाई कार्डिनल मासा ह्या बाबतींत आठवावा. ह्या जातींत बाप अंडीं तोंडांत धरून, स्वतः उपाशीं राहून, पिल्लें सांभाळतो. पिल्लें थोडीं असतात, आणि व्यापारासाठीं ती जात इतकी पकडली गेली कीं २००७ सालीं तिची गणना संकटग्रस्त जातींत झाली. सुदैवानें ती बंदिवासांतही वाढवितां येते. विदूषक माशांची पैदास तर आपल्या देशांतही होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें ती विद्या साध्य केली आहे. पेटींतच जन्मलेला मासा तयार अन्न खावयास शिकलेला असतो, आणि त्याच्यासाठीं समुद्रांतून कोणास उचलावें लागत नाहीं. म्हणून दुकानदारास हा प्रश्न स्पष्ट विचारावा. आपल्या किनाऱ्यावरील विद्यार्थ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मालवणच्या समुद्रांतही प्रवाळें आहेत, आणि तेथें १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचींत दगडी प्रवाळें व समुद्रघोडे २००१ सालीं घातले गेले. तीं तोडणें, पकडणें वा विकणें हा गुन्हा आहे. म्हणून पेटींत घ्यावयाचीं प्रवाळें, ज्यांस कायद्याची आडकाठी नाहीं अशींच, पावतीसह व ओळखीच्या दुकानांतून घ्यावीं.

ह्या पांच प्रश्नांतून पार पडणारा एक संच उदाहरणादाखल देतों. वरील ९६ लिटरांच्या पेटींत, मोकळ्या पाण्यांत विदूषक माशांची एक जोडी, कपारींत एक रॉयल ग्रामा, आणि वाळूवर एक पिवळा पहारेकरी गोबी ठेवावा. हे एकूण चार मासे झाले. गोबीच्या सोबतीस एक पिस्तूल-कोळंबी दिली, तर मुलांस पाहण्यास ह्याहून मनोरंजक असें दुसरें कांहीं नाहीं. ह्या कोळंबीची दृष्टि फार मंद असते. ती वाळूंत बीळ खणते व साफ ठेवते. गोबी त्या बिळाच्या तोंडाशीं पहारा करतो. बाहेर काम करतांना कोळंबी आपली एक मिशी गोबीच्या अंगाला लावून ठेवते. संकट दिसतांच गोबी शेपटी थरथरवितो, आणि ती झटकन् बिळांत शिरते. एकाचें घर व दुसऱ्याचे डोळे, अशी ही भागीदारी आहे. शेजार चांगला निवडला म्हणजे तो नुसता निरुपद्रवीच नव्हे, तर उपकारकही होऊं शकतो, हें येथें प्रत्यक्ष दिसतें.

मासे सोडण्याच्या क्रमासही तितकेंच महत्त्व आहे. जो आधीं येतो तो मालक बनतो. म्हणून सर्वांत भित्रा मासा प्रथम व सर्वांत धीट शेवटीं सोडावा. वरील संचांत आधीं गोबी, मग ग्रामा व शेवटीं विदूषकांची जोडी, असा क्रम ठेवावा, आणि प्रत्येक वेळीं मध्यें कांहीं आठवडे जाऊं द्यावे, म्हणजे सूक्ष्म जंतूंस वाढलेल्या मळाशीं जुळवून घेतां येईल. नवा मासा सोडतांना दिवा मालवावा, व पूर्वीच्या माशांनीं फारच हक्क गाजविला तर एक-दोन दगड हलवून कपारींची रचना बदलावी. मग सर्वांसच घर नव्यानें शोधावें लागतें. त्याआधीं प्रत्येक माशास निराळ्या साध्या टाकींत निदान ४ आठवडे ठेवून पाहावें. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा परजीवी रोग एका माशाबरोबर आला, तर तो लहान पेटींतील सर्वांस गांठतो.

शेवटीं पालकांस एक सूचना. माशांची यादी घरीं बसून, मुलांसह, पांचही प्रश्नांचीं उत्तरें लिहून तयार करावी, आणि ती कागदावर घेऊनच दुकानांत जावें. यादींत नसलेला मासा कितीही मोहक दिसला, तरी तो त्या दिवशीं घेऊं नये. घरीं येऊन त्याची माहिती काढावी. हा संयम मुलांस प्राणिशास्त्राच्या धड्याइतकाच उपयोगी पडेल. समुद्रांतील मासा आपला शेजार स्वतः निवडतो, आणि न पटल्यास सोडून जातो. पेटींतील माशास ती मोकळीक नाहीं. त्याच्या वतीनें निवड करण्याचें काम आपण पत्करलेलें आहे. तें विचारपूर्वक केलें, तर चार मासे व एक कोळंबी एवढ्या लहानशा संसारांतही समुद्राचें पुष्कळ कांहीं शिकावयास मिळतें.