पाटीवर ‘सेवा’, पावतीवर कंपनी

नानांना घरी आणून आठ दिवस झाले होते. माझी मुलगी बिलांची चळत जमिनीवर मांडून बसली होती. मध्येच म्हणाली, “बाबा, हॉस्पिटलचं नाव वेगळं आणि पावतीवरचं नाव वेगळं, असं का?” मी चष्मा लावून पाहिलं. दारावरच्या पाटीत ‘सेवा’ आणि ‘ट्रस्ट’ हे दोन्ही शब्द होते. आम्ही आगाऊ भरलेल्या पन्नास हजारांच्या पावतीवर मात्र खाली बारीक अक्षरांत ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलेलं. औषधांच्या बिलांवर तिसरंच नाव आणि तिसराच जीएसटी क्रमांक. नानांना भरती करायच्या आधीच हे मला दिसायला हवं होतं. तुम्हाला तरी वेळेवर दिसावं म्हणून हे लिहितो आहे.

डिसेंबर २०२४ची गोष्ट. नाना, माझे वडील, वय ७४. पहाटे न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आमच्या झाशीत असं काही झालं की पहिला शब्द तोंडात येतो तो ‘मेडिकल’. म्हणजे महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज, १९६८ पासूनचं सरकारी. पण महिन्यापूर्वीच, १५ नोव्हेंबरच्या रात्री, तिथल्या नवजात बाळांच्या विभागाला आग लागली होती. त्या रात्री १० बाळं गेली. सगळं गाव हादरलेलं होतं. आई म्हणाली, “तिथे नको रे.” मीही तिच्या शब्दाबाहेर गेलो नाही.

मग संस्थेचं हॉस्पिटल शोधलं. आमच्यासारख्या झाशीतल्या जुन्या मराठी घरांचा ‘संस्था’ या शब्दावर फार विश्वास. ज्या गणेश मंदिरात राणीचं लग्न लागलं, ते आजही समाजाची समितीच सांभाळते. आजीची बाळंतपणं मिशन हॉस्पिटलात झाली. अमेरिकेतल्या बायकांच्या एका मिशनरी संस्थेने बायकामुलांसाठी उभारलेलं, शंभर वर्षांहून जुनं हॉस्पिटल ते. आजीचा मोतीबिंदू चित्रकूटला जानकीकुंडात निघाला. तिथलं नेत्र चिकित्सालय सद्गुरू सेवा संघ ट्रस्टचं. बुंदेलखंडातली गरीब माणसं डोळ्यांसाठी वर्षानुवर्षं तिथे जातात आणि पैसे नाहीत म्हणून कुणी अडवत नाही. मनात हिशेब सोपा होता : ट्रस्ट म्हणजे धर्मादाय, धर्मादाय म्हणजे वाजवी.

त्या भरवशावर शोधलेल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात पैसे भरेपर्यंत नाना स्ट्रेचरवरच होते. खर्चाचा अंदाज विचारला, तर “डॉक्टरसाहेब सांगतील” एवढंच उत्तर मिळालं. नानांचं सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड नुकतंच काढलं होतं, ते पुढे केलं. “इथे चालत नाही,” असं सांगण्यात आलं. अर्धा खुबा बदलण्याचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. नाना आज काठी घेऊन चालतात. पण बिल आलं दोन लाख शहाऐंशी हजारांचं. पाच दिवसांत हातमोज्यांचे ६२ जोड. तीच रक्ततपासणी एका दिवसात तीनदा. औषधं खालच्याच दुकानातून घ्यायची सक्ती. आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

नंतर चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. जागा आणि इमारत ट्रस्टची. हॉस्पिटल चालवायचं कंत्राट एका कंपनीकडे. औषधांचं दुकान आणि प्रयोगशाळा आणखी दुसऱ्याकडे. ट्रस्टला भाडं मिळतं, नफा वेगळ्या दारांनी बाहेर जातो. यात कायद्याचा भंग झाला असं मी म्हणत नाही. अशी रचना देशभर आहे. माझी चूक एवढीच, की मी पाटी वाचली आणि कागद वाचले नाहीत.

पुढे दीड महिन्याने नानांची जखम चिघळली. या वेळी गेलो ते बारा खाटांच्या एका साध्या नर्सिंग होममध्ये. मालक डॉक्टर स्वतः, सरळसरळ नफ्याचा व्यवसाय. त्यांनी कागदावर आकडा लिहून दिला, एक स्कॅन “गरज नाही” म्हणून टाळला, आणि बिल लिहिलेल्या आकड्यापेक्षा चारशे रुपये कमी केलं. म्हणून सांगतो, मालकीचा प्रकार आणि वागणूक या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायला हव्यात.

आधी मालकी समजून घ्या. ट्रस्ट, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी, या ना-नफा संस्था. त्यांनी पैसे मिळवू नयेत असं कायदा म्हणत नाही. शिल्लक उरली तर ती कुणाच्या खिशात वाटून न घेता कामातच घालायची, एवढीच अट, आणि तिच्या बदल्यात आयकरात सवलत. त्यामुळे ना-नफा म्हणजे फुकट नव्हे. गळती होते ती भाड्यात, पगारात आणि आपल्याच माणसांना दिलेल्या कंत्राटांत. नफ्याच्या रुग्णालयात शिल्लक भागधारकांची. हे भागधारक किती लांबचे असू शकतात ते पाहा : पुण्याच्या सह्याद्री रुग्णालयांची साखळी २०२२ मध्ये कॅनडातल्या ऑन्टेरियो प्रांतातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने घेतली. मीही शिक्षक आहे. पुण्यातल्या खाटेवरचा पेशंट आणि टोरांटोतल्या निवृत्त गुरुजींचं पेन्शन एका धाग्यात बांधलं जातं, हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो. २०२५ मध्ये ती साखळी मणिपाल रुग्णालय समूहाकडे देण्याचा करार झाला. उपचार करणारे डॉक्टर तेच राहतात, पण उत्पन्नाचं लक्ष्य ठरवणारा बदलत जातो.

आकडेही बोलतात. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात शहरी भागात एकदा भरती होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,८३७ रुपये, धर्मादाय संस्थांत २६,४७५ आणि खासगीत ३८,८२२ रुपये होता. धर्मादाय स्वस्त खरं, पण सरकारीच्या पाचपटीहून महाग. आणि देशातल्या भरतींपैकी तेव्हा जेमतेम ३ टक्के अशा संस्थांत होत होत्या. खासगीत पैसा कुठे वाढतो तेही उघड आहे : औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला. आमचे ६२ जोड हातमोजे मला तेव्हा नीट कळले.

आता तुम्ही काय कराल ते सांगतो.

पैसे भरण्याआधी विचारा : पावती कुणाच्या नावाने फाटेल? पाटीवरचं आणि पावतीवरचं नाव वेगळं असेल, तर चालवणारा वेगळा आहे असं समजा. कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. घरातल्या तरुण मुलाला पाच मिनिटांचं काम.

आयुष्मान कार्ड असेल तर कोणतं रुग्णालय यादीत आहे ते धडधाकट असतानाच पाहून ठेवा. १४५५५ वर फोन केला तरी कळतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण यादीबाहेरच्या दारात त्या कार्डाचा काहीच उपयोग होत नाही. आमचं तेच झालं.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या. त्यात शस्त्रक्रिया, खाट, बसवायचा भाग, औषधं हे वेगवेगळं लिहायला सांगा. शरीरात जो भाग बसवतात त्याच्या वेष्टनावरचा स्टिकर केसपेपरला चिकटवलेला असतो. त्याची प्रत मागा, त्यावर बॅच क्रमांक असतो. औषधं बाहेरून आणण्याचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलेला आहे. बिलासाठी पेशंटला अडवून ठेवता येत नाही, हेही तिथेच आहे. आवाज न चढवता ही सनद दाखवा.

जीव धोक्यात असेल तर आधी उपचार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही डॉक्टरला ते टाळता येत नाही.

महाराष्ट्रातल्या आप्तांसाठी एक खास गोष्ट. तुमच्याकडे धर्मादाय आयुक्त आहेत, सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ४१अअ आहे, आणि २००६ पासून उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना आहे. धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. उत्तर प्रदेशात आम्हाला असा दरवाजा नाही, म्हणून तुमचा दरवाजा ठोठावायला विसरू नका.

आणि सरकारी रुग्णालयाला घाबरून पाठ फिरवू नका. ज्या आगीने आम्हाला पळवलं, तिचा जाब विचारायचा हक्क आपल्यालाच आहे. सरकारी रुग्णालय सुधारलं नाही, तर इतर ठिकाणच्या किमतींना लगाम घालायला काहीच उरणार नाही.

मिशनच्या हॉस्पिटलात आणि चित्रकूटला सेवा होती, कारण तिथे आलेला पैसा परत पेशंटकडेच वळत होता. तेवढंच तपासायचं आहे : आपण भरलेला पैसा कुठे जातो. आईच्या पाटल्या सोडवायला आम्हाला चौदा महिने लागले. काउंटरवर पैसे देण्याआधी पावतीवरचं नाव वाचायला एक मिनिट लागतं. ते मिनिट घ्या.