गुरुवार म्हणजे 15

गुरुवार असल्यामुळे मामा घरी होते. भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सगळ्या कारखान्यांच्या विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून निरनिराळ्या भागांना निरनिराळे वार मिळाले, तेव्हापासूनची ही घडी. रविवारी डबा घेऊन कामाला निघालेला माणूस इथे कुणाला नवलाचा वाटत नाही.

मामांचं आयुष्य टाइम ऑफिसात गेलेलं. भाची तीन आठवड्यांपूर्वी चाकणच्या एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे पगारपत्रक करायला लागली होती. चहा व्हायच्या आत तिने लॅपटॉप उघडला.

"मामा, नाइट शिफ्टवाल्यांच्या कॉलममध्ये नुसत्या जाळ्या आल्यात. हॅश, हॅश, हॅश."

"इन किती वाजता, आउट किती वाजता?"

"रात्री 11 ला इन, सकाळी 7 ला आउट. मी आउटमधून इन वजा केलं."

मामा हसले. एक्सेलला घड्याळ कळत नाही, दिवसाचा अपूर्णांक कळतो. दुपारचे 12 म्हणजे अर्धा दिवस, 0.5. सकाळचे 7 म्हणजे साधारण 0.29 आणि रात्रीचे 11 म्हणजे 0.96. वजाबाकी गेली शून्याच्या खाली, आणि उणे वेळ दाखवता येत नाही म्हणून त्या जाळ्या.

"मॉड लाव. आउट वजा इन, स्वल्पविराम, 1. मॉड म्हणजे भागाकारातली बाकी. उणे दोन तृतीयांशाला 1 ने भागलं की बाकी उरते एक तृतीयांश दिवस. म्हणजे आठ तास."

जाळ्या गेल्या, 8:00 आले. भाचीने खुशीत सहा रात्रींची बेरीज मारली, आणि उत्तर आलं 0:00.

"आता हे काय? माणूस आठवडाभर राबला आणि तास शून्य?"

"सहा आठे 48. म्हणजे नेमके दोन दिवस. साधा वेळेचा फॉरमॅट पूर्ण दिवस गिळतो आणि वरचे तास तेवढे दाखवतो. फॉरमॅटमध्ये तासाचा एच चौकटी कंसात घाल, 48:00 दिसतील." 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याला घातलेली मर्यादाही 48 तासांचीच. त्यापुढच्या तासाला दुप्पट दराने ओव्हरटाइम, म्हणजे ओटी, द्यायचा. ज्या आकड्यावर ओटीचा हिशेब सुरू होतो, नेमका तोच शीटवर शून्य होऊन बसतो.

"आणि कुणी आउट पंच मारायलाच विसरला तर?"

प्रश्न ऐकून मामांनी कप खाली ठेवला. रिकामा सेल म्हणजे शून्य, आणि शून्य म्हणजे मध्यरात्र. सकाळी 7 ला आलेल्या माणसाचे मॉड बिनदिक्कत 17 तास भरतं. म्हणून आधी इफ लावायचं: आउट रिकामा असेल तर रिकामंच ठेव, नाहीतर मॉड कर. मामांच्या मते जाळ्या दाखवणारं सूत्र प्रामाणिक. भीती बाळगायची ती नीटनेटकं खोटं उत्तर देणाऱ्याची.

तसलं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे व्ही-लुकअप. टोकन नंबर दिला की दुसऱ्या यादीतून दर शोधून आणतं. पण शेवटची जागा मोकळी सोडली तर ते 'जवळपासचं' उत्तर चालवून घेतं. यादी चढत्या क्रमाने असेल आणि 1043 नंबर तिच्यात नसेल, तर 1042 चा दर उचलून देतं, तोंडातून ब्र न काढता. तिथे फॉल्स लिहायचं, म्हणजे नंबर नसला की ते चूक दाखवतं. 2019 मध्ये आलेल्या एक्स-लुकअपमध्ये नेमका जुळणारा नंबर शोधणं हीच मूळची सवय आहे.

"आणि कामगार विम्याच्या, ईएसआयच्या कपातीला राउंडच लावू ना?"

"राउंडअप. कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापायचे आणि पुढच्या पूर्ण रुपयावर न्यायचे. 18,430 वर किती?"

"138.225. राउंडने 138, राउंडअपने 139."

माणशी एक रुपया. तीनशे माणसांच्या चलनात हा फरक शोधत बसणं कसं असतं, ते मामा सांगत बसले नाहीत.

मग दिवसांचा हिशेब निघाला. नेटवर्कडेज हे फंक्शन कामाचे दिवस मोजतं, पण ते बनवणाऱ्यांनी शनिवार-रविवार सुट्टी धरलेली. मे 2026 साठी ते 21 दिवस सांगतं. त्याच्याच भावाला, नेटवर्कडेज डॉट इंटलला, आठवड्याची सुट्टी सांगता येते: फक्त रविवार म्हणजे 11, फक्त सोमवार 12, असं करत गुरुवार 15. भाचीने 15 घातले, 27 आले. सुट्ट्यांच्या यादीत 1 मे टाकला, 26.

"एकाच महिन्याचे 21 आणि 26!"

"भोसरीचा गुरुवार त्याला आपण सांगायचा असतो."

"पण मामा, आमची माणसं दोन कंपन्यांत जातात. एकीला गुरुवार सुट्टी, दुसरीला रविवार."

मामांनी चष्मा पुसला. "मग सुट्टीचा आकडा सूत्रात कोंबू नकोस. कंपन्यांची वेगळी यादी कर, प्रत्येकीपुढे 11 किंवा 15 लिही, आणि सूत्राला तो तिथून उचलू दे."

"व्ही-लुकअपने?"

"हो. आणि शेवटी काय लिहायचं?"

"फॉल्स," म्हणत तिने नवी शीट उघडली.