बुक्क्याचे फोटो काढताना

पोरी, तू पाठवलेले बुक्क्याचे फोटो पाहिले. पिल्लू फार गोड आहे, पण बहुतेक फोटोंत एक काळा गोळा आणि मधोमध लाल जीभ, एवढंच दिसतं. फोन बदलायला निघू नकोस, आहे तो पुरेसा आहे. बदलायला हवी ती वेळ, जागा आणि तुझी उभं राहून फोटो काढायची सवय. त्याही आधी एक गोष्ट पक्की धर. कुत्र्याचा फोटो कुत्र्याच्या सवडीने काढायचा, आपल्या सवडीने नाही.

हे शिकवलं तुझ्या आजोबांनी. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता, बडोद्याला बनायचा तो. एका रोलवर बाराच फोटो निघायचे आणि शटर इतकं संथ की समोरचा हलला की फोटो गेलाच. म्हणून ते आमच्या अंगणातल्या कुत्र्यासमोर कॅमेरा घेऊन नुसते बसून राहायचे. कुत्रा आधी कॅमेरा हुंगायचा, मग इकडेतिकडे भटकून यायचा, शेवटी पुढचे पाय पसरून निवांत बसायचा. तेव्हा कुठे बटण दाबलं जायचं. तुझ्या फोनमध्ये डोळ्याचं पातं लवायच्या आत डझनभर फोटो निघतात, तरी हे बसून राहणं काही टळत नाही. फोन जमिनीवर ठेव, बुक्क्याला तो हुंगू दे, चाटला तर चाटू दे. नंतर काच मऊ कापडाने पूस. कुत्रा घरात असला की लेन्सवर नाकाचा ओलावा लागतोच, आणि निम्मे धुरकट फोटो त्यामुळेच येतात.

सवड ओळखायची कशी? पिल्लू झोपेतून उठून शी-शू करून आलं, थोडं चाललं, पाणी प्यायलं, की पुढची काही मिनिटं तुझी. अंगातली मस्ती थोडी उतरलेली असते आणि हलक्या धापेमुळे तोंड उघडं राहतं, म्हणून चेहरा हसरा दिसतो. जेवल्याबरोबर घेऊन बसू नकोस, ते पेंगतं. पिल्लाचं लक्ष पाच मिनिटांपलीकडे टिकत नाही. तेवढ्यात जे मिळेल ते घ्यायचं आणि थांबायचं.

आता तुमच्या सानपाड्याच्या उजेडाकडे येऊ. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला खाडी. सकाळी ऊन डोंगरावरून तिरपं येतं आणि संध्याकाळी सूर्य पामबीच रोडपलीकडच्या खारफुटीवर उतरतो. या दोन्ही वेळांचं ऊन मऊ असतं, ते कुत्र्याच्या अंगावरून सरकत जातं आणि केस न् केस दाखवतं. दुपारचं ऊन काळ्या कुत्र्याला मुळीच मानवत नाही, फोटोतही आणि अंगालाही. पाठीवर पांढरे चकाकते डाग पडतात आणि डोळे काळ्या खड्ड्यांत बुडतात. दुपारीच काढायचा असेल तर इमारतीच्या सावलीत जा, पण सावलीच्या काठाशी बस, जिथून मोकळं आभाळ दिसतं. आणि खरं सांगू का, काळ्या कुत्र्यासाठी सगळ्यात चांगले महिने म्हणजे जुलै-ऑगस्ट. ढगांतून उजेड गाळून येतो, सावल्या बोचत नाहीत, गवत हिरवं असतं. लोक पावसाळ्यात फोन पिशवीत ठेवतात. तू दोन सरींच्या मधे त्याला खाली ने. एवढंच, की एसीच्या खोलीतून थेट बाहेर गेलीस तर काचेवर वाफ धरेल, ती विरेपर्यंत थांब.

काळ्या रंगाचं कोडं नीट समजून घे, कारण बुक्का मोठा झाला तरी ते तुला पुरणार आहे. कॅमेऱ्याला समोर काळं आहे की पांढरं, ते कळत नाही. तो सगळं मिळून मध्यम राखाडी आहे असं धरून उजेड ठरवतो. बुक्क्याने सगळी चौकट भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार झाला. तो चित्र उजळवतो, मग बुक्का धुळीत लोळल्यासारखा राखाडी दिसतो आणि मागचं सगळं पांढरं फटक होतं. उलट तुझ्या हॉलमधल्या पांढऱ्या टाइल्सवर तो लहानसा बसलेला असेल, तर कॅमेरा टाइल्सच्या पांढरेपणाला भिऊन चित्र गडद करतो आणि बुक्क्याचा गोळा होतो. तुझ्या फोटोंत हेच झालंय. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर त्याच्या डोळ्यावर बोट दाबून धर, म्हणजे फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतील. शेजारी सूर्याची खूण येते. चौकट काळ्याने भरली असेल तर बोट खाली ओढ, आजूबाजूला पांढरं जास्त असेल तर वर. शेजाऱ्यांचा पांढरा पोमेरेनियन असता तर सगळं याच्या उलट करावं लागलं असतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे पार्श्वभूमीच मध्यम रंगाची निवडायची. गवत, माती, विटकरी भिंत, खाकी सतरंजी, काहीही चालेल. पांढरी भिंत आणि काळा सोफा, दोन्ही टाळ.

डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका हवा. बुक्क्याचे डोळे गडद तपकिरी, भोवती काळे केस, त्यात हा ठिपका नसेल तर डोळे हरवतात आणि डोळे हरवले की चेहराच उरत नाही. घरात त्याचं तोंड खिडकीकडे कर आणि तू खिडकीला पाठ लावून बस. मात्र ऊन थेट आत येत असेल तर ग्रिलच्या सावल्या त्याच्या तोंडावर गजासारख्या पडतात, तेव्हा पातळ पडदा ओढून घे. ट्यूब आणि एलईडी दिवे बंद कर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण जलद शटरच्या फोटोत आडवे पट्टे उमटतात.

फ्लॅश मात्र कधीच नको. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. त्याच थरावरून फ्लॅश उलटतो आणि डोळे हिरवे-पिवळे पेटल्यासारखे दिसतात. शिवाय पिल्लू एकदा दचकलं की पुढे फोन दिसला तरी तोंड फिरवतं.

आता तुझ्या उभं राहण्याबद्दल. खाली बस. बसून भागत नसेल तर पोट जमिनीला टेकव, लेन्स त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आण. देवघरातली दत्ताची तसबीर आठव. पायाशी चार कुत्री असतात आणि ती चारही पूर्ण अंगानिशी, पायांसकट दिसतात. चित्रकाराने वरून त्यांच्या टाळूकडे पाहिलेलं नाही. एलियट अर्विट नावाचा मोठा छायाचित्रकार होता, २०२३ मध्ये गेला. त्याने १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर स्वेटर घातलेल्या एका इवल्याशा चिहुआहुआचा फोटो काढला. कॅमेरा जवळजवळ जमिनीवर, शेजारी एका बाईची फक्त पावलं आणि कोटाची कड. बाई कोण ते कळत नाही, कुत्र्याचं सगळं कळतं. जमलं तर तो फोटो शोधून पाहा, माझ्या सांगण्यापेक्षा जास्त शिकवेल.

खाली बसलीस तरी अगदी तोंडाशी जाऊ नकोस. फोन जवळ नेला की नाक भोपळ्याएवढं दिसतं आणि कान मागे पळतात. चार पावलं मागे सर आणि दुप्पट झूम लाव. पोर्ट्रेट मोड काळ्या केसांच्या कडा आणि मिशा खातो, म्हणून तो बंद ठेवून पार्श्वभूमी कुत्र्यापासून लांब ठेव, ती आपोआप पुसट होईल. कधी कारवानी कुत्रा भेटला, ज्याला मुधोळ हाउंड म्हणतात आणि ज्याच्यावर डाक खात्याने २००५ मध्ये तिकीट काढलं, तर त्याचा समोरून न काढता बाजूने काढ. तो लांब जबडा आणि आत ओढलेलं पोट बाजूनेच खुलतं.

लक्ष वेधायला त्याचं नाव सारखं घेऊ नकोस. दहा वेळा हाक मारून काही मिळालं नाही की नाव कुचकामी होतं, आणि उद्या रस्त्यावर त्याच नावाने त्याला थांबवायचं आहे. नवीन आवाज काढ, एकदाच. अर्विट चक्क भुंकायचा. चूं चूं करणारं खेळणं, किल्ल्यांचा जुडगा, काहीही चालेल, पण आधी बोट बटणावर ठेव आणि मग आवाज काढ. मान तिरकी करून पाहण्याचं ते गोड ध्यान पहिल्या-दुसऱ्या वेळीच मिळतं. उकडलेल्या चिकनचा तुकडा लेन्सच्या वर धर आणि फोटो झाला की लगेच दे, फसवू नकोस. द्राक्षं, बेदाणे, कांदा, चॉकलेट यातलं काहीही नको, कुत्र्यांना ते विषारी असतं.

धावताना काढायचा असेल तर चेंडू पिवळा किंवा निळा घे. कुत्र्यांना लाल आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत, गवतातला लाल चेंडू आपल्याला उठून दिसतो पण त्याला शोधावा लागतो. तो तुझ्याकडे धावत येताना बटण दाबून धर, भराभर निघालेल्या फोटोंतून एक ठेव आणि बाकीचे त्याच दिवशी पुसून टाक. कॅमेरा असेल तर शटर १/१००० ठेव. पामबीच रोडच्या कडेला, मोराज सर्कलच्या आसपास, संध्याकाळच्या उजेडाच्या मोहाने त्याचा पट्टा कधीही सोडू नकोस. तिथे गाड्या फार वेगाने जातात. पट्टा फोटोत दिसला तर दिसू दे. खारफुटीच्या बाजूलाही त्याला पक्ष्यांमागे धावू देऊ नकोस. उन्हाळ्यात बाहेर नेण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही ते सोसणार नाही.

आणि त्याचं अंग वाचायला शीक, हे मी सगळ्यात वर मानतो. खाऊ समोर नसताना तो ओठ चाटतोय, झोप आलेली नसताना जांभया देतोय, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतोय, कान मागे चिकटलेत, शेपूट पायांत गेलीय, म्हणजे तो नको म्हणतोय. टोपी घालून, गळ्यात हात टाकून काढलेल्या फोटोंत हे हमखास दिसतं, आणि माणसं त्यालाच गोड म्हणतात. मला तसे फोटो बघवत नाहीत. जीभ फार लांब, टोकाला रुंद होऊन लोंबत असेल तर त्याला ऊन लागलंय. फोन ठेव, सावलीत ने, पाणी दे.

शेवटी एक काम, जे सुंदर फोटोंपेक्षा गरजेचं आहे. बुक्क्याचे ओळखीचे फोटो काढून ठेव. समोरून चेहरा, डावी बाजू, उजवी बाजू, उभा असताना शेजारी तुझा गुडघा म्हणजे उंची कळेल, आणि छातीवरच्या पांढऱ्या ठिपक्याचा जवळून एक. एक संच पट्ट्यासह, एक पट्ट्याशिवाय. रस्त्यावर काळी कुत्री पुष्कळ असतात, हरवलेल्याला शोधताना हा ठिपकाच उपयोगी पडतो. पिल्लू झपाट्याने वाढतं, म्हणून वर्षाचा होईपर्यंत दर महिन्याला नवे काढ. दिवाळीच्या फटाक्यांत कुत्री घाबरून घराबाहेर पळतात, तेव्हा फोटो शोधत बसायला वेळ नसतो. हे सगळं या रविवारीच करून टाक आणि एक संच मलाही पाठव, म्हणजे तुझा फोन बंद पडला तरी तो माझ्याकडे असेल.