घटक ५ : सांगकाम्या आणि कर्ता – समाजमाध्यमांवरील बॉट व वापरकर्त्याचे उत्तरदायित्व

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस
● ‘बॉट’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
● भाषिक व्यवहारातील तीन भूमिका ओळखता येतील.
● संदेश पुढे पाठवण्याच्या कृतीचे नैतिक विवेचन करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘अफवा पसरली’ आणि ‘त्याने अफवा पसरवली’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्या वाक्यात अफवाच कर्ता होऊन बसते. ती पसरवणारा कोण, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. दुसऱ्या वाक्यात ‘पसरवणे’ हे प्रयोजक क्रियापद येताच पसरवणारा समोर उभा राहतो. समाजमाध्यमांविषयी आपण बहुधा पहिल्या प्रकारे बोलतो : ‘मेसेज फिरतोय’, ‘व्हिडिओ व्हायरल झाला’. अलीकडे या दडलेल्या कर्त्याच्या जागी बॉटला बसवण्याची प्रवृत्तीही दिसते. हा दोष यंत्राचा किती आणि आपला किती, याचा विचार प्रस्तुत घटकात करावयाचा आहे.

५.३ बॉट म्हणजे सांगकाम्या

ठरवून दिलेले काम माणसाच्या वतीने आपोआप करणारी संगणकीय आज्ञावली म्हणजे बॉट. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर बॉटसाठी ‘सांगकाम्या’ हा शब्द रूढ आहे. सांगितले तेवढेच करणारा, स्वतःची बुद्धी न चालवणारा, असा या जुन्या शब्दाचा अर्थ. एकाच विषयावरील निरनिराळ्या भाषांतील लेखांचे दुवे जोडण्यासारखी कंटाळवाणी कामे तेथे सांगकाम्यांनी केली. तेथील संकेत असा की, सांगकाम्याचे खाते वेगळे असावे, ते यंत्र असल्याचे उघड असावे आणि त्याचा चालक कोण हे कळावे. म्हणजे बॉट असणे हा दोष नव्हे. माणूस असल्याची बतावणी करणे आणि चालकाने पडद्याआड राहणे हा दोष होय. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून लागू केलेल्या कायद्यानेही विक्री वा मतदान यांवर प्रभाव टाकण्यासाठी बॉटची ओळख लपवून लोकांची फसवणूक करण्यास मनाई केली आहे.

५.४ बोलणाऱ्याच्या तीन भूमिका

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७९ च्या ‘फुटिंग’ या निबंधात ‘बोलणारा’ या एका शब्दात तीन भूमिका दडलेल्या असतात, असे दाखवले. मराठीत त्यांना उच्चारक, रचयिता आणि उत्तरदायी म्हणता येईल. गावातील दवंडी आठवा. वर्धा जिल्ह्यातील वडनेरसारख्या गावात कोतवालाने दवंडी दिली, तर उच्चारक कोतवाल असे. मजकूर रचणारा दुसरा असू शके. हुकूम मात्र कोणाचा, हे दवंडीतच सांगितले जाई. त्यामुळे जाब कोणाला विचारावा, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. पुढे ढकललेल्या संदेशात उच्चारक तेवढा दिसतो. रचयिता अज्ञात असतो आणि उत्तरदायीची जागा रिकामी राहते.

५.५ राईनपाडा : रिकाम्या जागेची किंमत

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, जमावाने पाच जणांची हत्या केली. मृत व्यक्ती भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होत्या. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या काळात व्हॉट्सॲपवरून पसरवले जात होते. अनोळखी वेश आणि भटकेपण हाच जमावाला पुरावा वाटला. मारहाण करणाऱ्यांवर खटला चालला; संदेश पुढे पाठवणारे हात मात्र अनामिक राहिले. त्यांपैकी अनेकांनी तो काळजीपोटीच पाठवला असेल. पण हेतू चांगला असल्याने शहानिशा करण्याचे कर्तव्य संपत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. या उपायांनी वेग कमी होऊ शकतो. संदेशाची सत्यता तपासली जात नाही.

५.६ यंत्र की माणूस?

२०१८ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात वोसोघी, रॉय व अरल यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. ट्विटरवरील २००६ ते २०१७ या काळातील सुमारे १,२६,००० वार्तांच्या प्रसाराचा त्यात अभ्यास होता. खोटी वार्ता खरीपेक्षा अधिक दूर आणि अधिक वेगाने जाते, असे दिसले. बॉट मात्र खऱ्या व खोट्या वार्तांचा वेग सारखाच वाढवत होते. दोहोंतील फरकाचे कारण माणसांच्या वर्तनात होते. बॉट सांगकाम्या आहे, कारण त्याला निवड नाही. न वाचता, न तपासता संदेश पुढे पाठवणारा माणूस निवड असूनही सांगकाम्या होतो.

५.७ सारांश

बॉटच्या बाबतीत ओळख उघड असणे आणि चालकाने उत्तरदायित्व घेणे, या दोन नैतिक अटी आहेत. माणसासाठी एक सोपी कसोटी सुचवता येईल : संदेशाच्या आरंभी ‘मी स्वतः असे सांगतो की’ हे शब्द मनात जोडून पाहावेत. ते जोडताना जीभ अडखळत असेल, तर संदेश पाठवू नये.

५.८ स्वाध्याय

१. ‘सांगकाम्या’ या शब्दाच्या आधारे बॉटचे स्वरूप स्पष्ट करा.
२. दवंडी आणि पुढे पाठवलेला संदेश यांची तीन भूमिकांच्या संदर्भात तुलना करा.
३. आपणांस गेल्या आठवड्यात आलेला एक संदेश निवडून त्याचा रचयिता व उत्तरदायी शोधण्याचा प्रयत्न करा. आलेल्या अडचणी दहा ओळींत लिहा.