दुकानातला संगणक आपला, पण चावी कोणाकडे?

हिमरूच्या कारागिराने माग विकत घेतला की माग त्याचा झाला. तो किती वेळ चालवायचा, बिघडला तर कोणत्या सुताराला बोलवायचे, पुढे मुलाच्या हाती द्यायचा की मोडीत काढायचा, हे सारे तोच ठरवतो. माग विकणारा पुन्हा त्याच्या दारात येत नाही. संगणक, मोबाईल आणि सॉफ्टवेअर यांचा सौदाही वरून असाच दिसतो. पैसे मोजले, पावती घेतली, वस्तू दुकानात आणली. परंतु हा सौदा आतून वेगळा असतो आणि तो वेगळेपणा वेळीच न समजल्याने आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव अडचणीत येतात.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की, हा लेख संगणकाच्या विरोधात नाही. ज्या हिशेबासाठी रात्री दुकान बंद केल्यावर दोन तास बसावे लागे, तो संगणकावर थोड्या वेळात होतो, ही मोठी सोय आहे. नव्या यंत्राची आवड असणे चांगलेच. मात्र आवड असणे वेगळे आणि विक्रेत्याच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवणे वेगळे. सराफाला सोने आवडते, तरीही तो कसोटीचा दगड जवळ बाळगतो. आपल्यालाही असाच एक दगड हवा. तो म्हणजे एक साधा प्रश्न: या वस्तूची चावी शेवटी कोणाकडे राहणार?

१. आपण नेमके काय विकत घेतो?

सॉफ्टवेअर बसवताना पडद्यावर लांबलचक मजकूर येतो आणि खाली ‘मान्य आहे’ असे बटण असते. मजकूर न वाचता आपण बटण दाबतो. तो मजकूर म्हणजे करार होय. त्यात बहुधा असे लिहिलेले असते की, सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेले नाही, फक्त वापरण्याचा परवाना दिला आहे.

या परवान्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक कायमचा, म्हणजे एकदा पैसे दिले की ती आवृत्ती वापरत राहा. दुसरा वर्गणीचा, म्हणजे पैसे देणे थांबले की काम थांबले. गेल्या काही वर्षांत कंपन्यांचा ओढा दुसऱ्या प्रकाराकडे आहे. छपाई आणि जाहिरातीच्या धंद्यातील लोकांना ठाऊक असलेल्या ॲडोबी कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केले की, फोटोशॉपसारख्या तिच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या यापुढे वर्गणीवरच मिळतील. विकत घेतलेले घर आणि भाड्याचे घर यांत जो फरक आहे, तोच हा फरक आहे. भाड्याने राहणे चूक नाही, पण आपण भाडेकरू आहोत हे माहीत असले पाहिजे आणि पुढील पाच वर्षांचे भाडे आजच हिशेबात धरले पाहिजे.

२. छापखान्यांनी शिकवलेला धडा

चावी दुसऱ्याकडे असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण दूर शोधायला नको. आपल्या शहरात मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषांचे छपाईकाम चालते. खिळ्यांची जुळणी आणि कातिबांची लेखणी मागे पडून संगणक आला, तेव्हा मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि उर्दूसाठी १९९४ मध्ये आलेले इनपेज ही नावे घरोघरी झाली. या सॉफ्टवेअरने मोठे काम केले, यात शंका नाही. उर्दूच्या नस्तालीक लिपीत अक्षरे एकमेकांवर उतरत जातात, म्हणून ती यंत्रावर बसवणे फार अवघड होते. १९८१ च्या सुमारास पाकिस्तानात नूरी नस्तालीक तयार झाले, तेव्हा मिर्झा अहमद जमील यांना जोडाक्षरांचे हजारो आकार हाताने लिहावे लागले होते. कातिबाची कला यंत्रात उतरवण्याचा तो प्रयत्न होता.

परंतु त्या काळात प्रत्येक कंपनीने अक्षरांना आपापले क्रमांक दिले. एका कंपनीच्या फाँटमध्ये ज्या क्रमांकावर ‘क’ होता, तिथे दुसरीच्या फाँटमध्ये वेगळेच अक्षर असे. परिणामी एका छापखान्यात जुळवलेला मजकूर दुसऱ्या छापखान्यात उघडला की केवळ चिन्हांचा गोंधळ दिसे. वर अनेक सॉफ्टवेअर संगणकाला एक लहानसे कुलूप, म्हणजे डोंगल, जोडल्याशिवाय चालत नसत. डोंगल हरवले की स्वतःच जुळवलेली पुस्तके स्वतःलाच उघडता येत नसत.

यावर उपाय नव्हता असे नाही. सर्व भाषांच्या अक्षरांना जगभर एकच क्रमांक देणारी युनिकोड पद्धत १९९१ मध्ये जाहीर झाली आणि तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. तरीही आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षे जुनेच फाँट चालले. ज्या पेजमेकरवर बहुतेकांचा हात बसला होता, त्याची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली आणि पुढे काम थांबले. पेजमेकरला युनिकोडची मराठी जमत नव्हती. म्हणून अनेकांनी केवळ जुनी कामे उघडता यावीत यासाठी एखादा जुना संगणक कोपऱ्यात जिवंत ठेवला. मजकूर आपला, मेहनत आपली, पण ती वाचण्याची चावी दुसऱ्याची, असा हा प्रकार होता. आज कोणी नवे काम जुळवून घेत असेल, तर ते युनिकोडमध्येच करून मागावे. हा हट्ट पुढची वीस वर्षे कामी येईल.

३. हिशेबाची वही

छापखान्याला जे लागू, तेच हिशेबाच्या वहीला लागू. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि लहान दुकानदारालाही संगणकाची गरज भासू लागली. कायद्याप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला आपली हिशेबपुस्तके वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. म्हणजे प्रश्न असा की, आज लिहिलेला हिशेब सहा वर्षांनी उघडेल का? सॉफ्टवेअर बंद पडले, कंपनी बुडाली, वर्गणी थकली किंवा हिशेब लिहिणारा मुलगा नोकरी सोडून गेला, तरी तो उघडला पाहिजे. अधिकाऱ्यासमोर ‘कंपनीने खाते बंद केले’ ही सबब चालत नाही.

उदाहरणादाखल पाहा. टॅलीचा कायमचा परवाना घेतला, तर वार्षिक वर्गणी न भरताही हातातली आवृत्ती चालू राहते. नव्या आवृत्त्या व जोडसेवा मात्र वर्गणीशिवाय मिळत नाहीत. याउलट, जे सॉफ्टवेअर फक्त इंटरनेटवर चालते आणि ज्यातला हिशेब कंपनीच्या संगणकावर राहतो, तिथे वर्गणी संपल्यावर काय होते हे आधी विचारावे. दोन्ही प्रकारांत चांगली सॉफ्टवेअर आहेत. घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोर बसून दहा खोट्या नोंदी कराव्यात आणि म्हणावे, ‘आता हे सर्व एक्सेलमध्ये काढून दाखवा.’ जो सहज काढून दाखवील, त्याच्याशी पुढची बोलणी करावीत. जो ‘त्याची गरज काय?’ असे म्हणेल, त्याला नमस्कार करावा.

४. फुकट मिळणारी वस्तू

व्यापाऱ्याला सांगायला नको की, बाजारात कोणी काही फुकट देत नाही. तरीही मोबाईलवरील फुकट सेवा पाहून भलेभले हा नियम विसरतात. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचे नाही, असे १ जानेवारी २०२० पासून ठरले आहे. ही सोय खरी आहे आणि तिचा लाभ जरूर घ्यावा. पण मग कंपनी कशावर जगते? रक्कम मोठ्याने सांगणाऱ्या डब्याच्या महिन्याच्या भाड्यावर, जाहिरातींवर आणि आपली रोजची विक्री पाहून देऊ केलेल्या व्याजी कर्जावर. आपल्या दुकानात रोज किती गिऱ्हाईक येते, कोणत्या महिन्यात मंदी असते, ही माहिती पूर्वी आपल्या मुनिमालाच असे. आता ती कंपनीलाही असते.

यासंबंधी २०२४ ची घटना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नियमांचे सातत्याने पालन न केल्याच्या कारणावरून ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कडक निर्बंध घातले. नवे पैसे स्वीकारण्याची मुदत आधी २९ फेब्रुवारी होती, ती वाढवून १५ मार्च करण्यात आली. त्या दिवसांत देशभरातील दुकानदार एकच विचारत होते: ‘आमच्या गल्ल्यावर लावलेला क्यूआर चालेल की नाही?’ रिझर्व्ह बँकेने उत्तर दिले की, ज्यांचा क्यूआर दुसऱ्या बँकेतील खात्याला जोडलेला आहे त्यांचा चालू राहील, आणि ज्यांचा पेमेंट्स बँकेच्या खात्याला जोडलेला आहे त्यांनी दुसरी व्यवस्था करावी. दोन्ही दुकानांत चिकटवलेला कागद सारखाच होता. फरक होता तो पैसा कोणत्या खात्यात उतरतो एवढाच. आपला क्यूआर कोणत्या खात्याला जोडला आहे, हे ज्यांना आजही माहीत नसेल, त्यांनी ते आजच पाहावे आणि दुसऱ्या बँकेचा एक क्यूआर तयार ठेवावा.

५. दुरुस्तीचा हक्क

आता यंत्रांकडे वळू. पैठण गेटच्या बाजूला मोबाईल दुरुस्त करणारे कारागीर बसतात. भिंग डोळ्याला लावून हे लोक जे काम करतात, ते कोणत्याही उस्तादाच्या तोडीचे असते. त्यांच्या रोजीवर मात्र नवे संकट आहे. काही कंपन्या फोनचे सुटे भाग सॉफ्टवेअरने एकमेकांशी बांधून टाकतात. २०२१ मध्ये ॲपलच्या आयफोन १३ चा पडदा बाहेरच्या कारागिराने बदलला की चेहरा ओळखणारी सोय बंद पडत असे. जगभर ओरड झाल्यावर कंपनीने ते बदलण्याचे मान्य केले. त्याआधी २०१७ मध्ये, बॅटरी जुनी झालेल्या फोनचा वेग आपणच कमी करत असल्याची कबुली याच कंपनीला द्यावी लागली होती. अचानक फोन बंद पडू नये म्हणून तसे केले, असे तिचे म्हणणे होते. पण गिऱ्हाइकाला ते सांगितले नव्हते. बॅटरी बदलून जे काम झाले असते, त्यासाठी लोक नवा फोन घेत होते.

आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली आहेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये याविषयी निर्देशही मंजूर केला. मात्र पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तोवर गिऱ्हाइकाने स्वतःच विचारावे: सुटे भाग शहरात मिळतात का? बॅटरी बदलता येते का? शिलाई यंत्र असो, कटिंगचे यंत्र असो वा फोन, ज्याची दुरुस्ती फक्त कंपनीच करू शकते, ते स्वस्त असले तरी महागच समजावे.

यंत्र धडधाकट असूनही निकामी ठरते, असेही होते. विंडोज १० ला सुरक्षेची नेहमीची मदत देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. पुढची विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर कंपनीच्या अटींमुळे बसत नाही. अशा संगणकावर लिनक्स आणि लिब्रेऑफिस ही मोफत व खुली सॉफ्टवेअर बसवून पत्रव्यवहार आणि कोष्टकांचे काम करता येते. पण आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेल की नाही, हे आधी तपासावे. खुले आहे म्हणून डोळे झाकून घेणे, हाही अंधविश्वासच आहे.

६. चोरलेली प्रत

हे सारे वाचून कोणी म्हणेल, ‘कंपन्या अशा वागतात, मग आम्ही चोरीची प्रत का वापरू नये?’ दुसऱ्याचे माप खोटे आहे म्हणून आपण खोटे वजन ठेवत नाही, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर धंद्याचे आहे. ज्याने कुलूप फोडून दिले, त्याने आत आणखी काय ठेवले हे कोणाला ठाऊक? शिवाय चोरीच्या प्रतीत सुरक्षेच्या सुधारणा वेळेवर पोहोचत नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभरचे संगणक बंद पाडून फायली सोडवण्यासाठी खंडणी मागितली. त्यावरची सुधारणा मार्च महिन्यातच आलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. ज्यांच्याकडे फायलींची वेगळी प्रत होती, ते सुटले.

घेण्यापूर्वी विचारायचे पाच प्रश्न

१) पैसे देणे थांबवले, तर उद्या काय चालू राहील आणि काय बंद पडेल?
२) माझी सर्व माहिती मला दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा रूपात काढता येते का?
३) कंपनी उद्या बंद झाली, तर माझा पैसा आणि माझा हिशेब कोठे असेल?
४) वस्तू बिघडली, तर या शहरातला कारागीर ती दुरुस्त करू शकेल का?
५) सेवा फुकट असेल, तर कंपनीला माझ्याकडून काय मिळते?

याबरोबर एक सवय लावून घ्यावी. दर आठवड्याला हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती दुकानाऐवजी घरी ठेवावी. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली नोटांची गड्डी होय.

गिऱ्हाइकांचा उधारीचा हिशेब ही आपल्याकडे त्यांची अमानत आहे. कोणाचे किती येणे, कोणी किती फेडले, हे एका पासवर्डच्या किंवा एका कंपनीच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. यंत्रे जरूर घ्यावीत, शिकावीत, मुलामुलींना शिकवावीत. फक्त दुकानाच्या कुलपाची चावी जशी रात्री आपल्याच खिशात असते, तशी हिशेबाच्या वहीचीही असावी.