बोट्युलिनम विष आणि प्लॅस्टिक शस्त्रक्रिया : निरनिराळ्या प्रदेशांतील संशोधनाची दिशा

मांस, मासे किंवा भाज्या हवाबंद करून टिकविताना योग्य ती उष्णता दिली गेली नाही, तर त्यांत एक जंतू वाढू शकतो. त्याचे शास्त्रीय नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. प्राणवायूवाचून जगणारा हा जंतू मातीत सर्वत्र आढळतो. त्याची बीजुके उकळत्या पाण्यातही तासन्‌तास तग धरतात. वाढत असताना तो जे विष निर्माण करतो, त्याहून प्राणघातक असा पदार्थ आजवर माणसाला ठाऊक झालेला नाही. हेच विष आज जगभर औषध म्हणून वापरले जाते, आणि चेहऱ्याच्या व हातापायांच्या शल्यचिकित्सेत त्याला महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. तथापि सर्व देशांतील शल्यविशारदांनी त्याकडे एकाच दृष्टीने पाहिलेले नाही. कोणत्या प्रदेशात कोणता प्रश्न पुढे आला आणि का, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम विषाची ओळख करून घेऊ. जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांसाच्या आतडीबंद वड्या, म्हणजे सॉसेज, खाऊन अनेक माणसे दगावत असत. युस्टिनुस केर्नर (१७८६–१८६२) हा तेथील वैद्य. तो कवी म्हणूनही नावाजलेला होता. त्याने १८२२ मध्ये अशा १५५ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. पापण्या गळतात, एका वस्तूच्या दोन दिसतात, घास गिळवत नाही आणि अखेर श्वास थांबतो, परंतु शुद्ध मात्र हरपत नाही, हा क्रम त्याने नेमका टिपला. इतकेच नव्हे, तर अत्यल्प मात्रेत हे विष दिल्यास शरीराच्या अनावर हालचाली शमविता येतील, असा तर्कही त्याने मांडला. हा तर्क खरा ठरण्यास दीडशे वर्षे लागली. पुढे १८९५ मध्ये बेल्जियममधील एल्झेल या गावी एका अंत्यविधीस आलेल्या वादकांनी खारविलेले डुकराचे मांस खाल्ले. त्यांपैकी तिघे मरण पावले. गेंट येथील एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून व मृतांच्या शरीरांतून जंतू वेगळा केला. लॅटिन भाषेत सॉसेजला बोट्युलस म्हणतात, त्यावरून जंतूला नाव मिळाले. ही विषबाधा केवळ मांसाहारी देशांची आहे असा समज मात्र होऊ नये. १९९६ मध्ये गुजरातेतील एका निवासी शाळेत ३४ विद्यार्थी अशाच लक्षणांनी आजारी पडले, आणि संशयाचा रोख तेथील शेवेकडे वळला. याच कुळातील दुसऱ्या एका जंतूने ते विष निर्माण केले असावे, असे तपासात दिसून आले.

स्नायू आकुंचन पावावा म्हणून मेंदूकडून आलेली आज्ञा मज्जातंतूच्या टोकापर्यंत विद्युत्‌रूपाने येते. तेथून पुढे ती अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या द्वारा स्नायूस पोहोचते. हे रसायन सूक्ष्म पिशव्यांत साठविलेले असते. आज्ञा येताच पिशव्या मज्जातंतूच्या आवरणास चिकटतात आणि फुटतात. बोट्युलिनम विषाचा रेणू मज्जातंतूच्या टोकात शिरतो, आणि पिशव्यांना आवरणाशी जोडणारी प्रथिने कात्रीप्रमाणे छाटून टाकतो. विषाचा ‘अ’ प्रकार स्नॅप-२५ या प्रथिनावर घाला घालतो. हे १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्पष्ट झाले. स्नायू धडधाकट असतो, मज्जातंतूही जिवंत असतो. केवळ निरोप थांबतो. काही आठवड्यांनी मज्जातंतूस नवे कोंब फुटतात व ते तात्पुरते काम सांभाळतात. मूळ टोक सुधारले की कोंब मागे सरतात. म्हणून परिणाम साधारणतः तीन ते चार महिने टिकतो. हा गुण आणि ही मर्यादा या दोन्ही गोष्टी पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडतील.

मानवावरील उपचाराचे श्रेय सॅन फ्रॅन्सिस्को येथील नेत्रशल्यविशारद अ‍ॅलन स्कॉट यांना दिले जाते. तिरळ्या डोळ्याचा ओढ घेणारा स्नायू शस्त्राने न कापता सैल करता येईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. माकडांवरील प्रयोग त्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले, आणि मानवी रुग्णांवरील अनुभव १९८० मध्ये. तिरळेपणा व पापण्यांचा आकस यांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८९ अखेर मान्यता दिली. बोटॉक्स हे व्यापारी नाव त्यानंतरचे आहे.

त्याच १९८९ साली प्लॅस्टिक शस्त्रक्रियेच्या एका प्रमुख अमेरिकी नियतकालिकात कॅलिफोर्नियातील क्लार्क व बेरिस यांचा लेख आला. तो सुरकुत्यांविषयी नव्हता. चेहऱ्याचा मज्जातंतू निकामी झाल्याने एक बाजू निश्चल झालेल्या रुग्णाची दुसरी, निरोगी बाजू किंचित सैल केली तर चेहरा पुन्हा समतोल दिसतो, असे त्यांनी दाखविले. व्हँकुव्हर येथील नेत्रवैद्य जीन कॅरदर्स आणि त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलिस्टर कॅरदर्स, यांचा भुवयांमधील आठ्यांविषयीचा निबंध १९९२ मध्ये निघाला. लोकप्रसिद्धी मिळाली ती या दुसऱ्या कामास. अमेरिकी प्रशासनाने २००२ च्या एप्रिलमध्ये आठ्यांसाठी परवानगी दिल्यावर उत्तर अमेरिकेतील संशोधनाचा ओघ चेहऱ्याच्या वरच्या तृतीयांशाकडे वळला. ज्या समाजात उतारवयाची चिन्हे लपविण्यासाठी खर्च करण्याची ऐपत आहे आणि औषधाच्या कंपन्या चाचण्यांचा भार उचलतात, तेथे असे घडणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. मात्र प्लॅस्टिक शस्त्रक्रिया म्हणजे शोभेची कला, हा जो समज त्यामुळे दृढ झाला तो चुकीचा आहे. या शास्त्राचा मूळ हेतू गमावलेला अवयव वा आकार परत देणे हा होय. पुणे येथे कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेने पुन्हा घडविल्याचा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापला गेला, आणि युरोपातील शल्यविशारद त्यामुळेच या विद्येकडे वळले.

पूर्व आशियात प्रश्न निराळा होता. तेथील अनेकांना कपाळावरील रेषांपेक्षा रुंद जबड्याची चिंता अधिक वाटते. जबड्याच्या कोनाशी चर्वणाचा जो जाड स्नायू असतो, तो मोठा झाल्यास चेहरा चौकोनी दिसतो. पूर्वी यावर हाड तासण्याची मोठी शस्त्रक्रिया करीत. विषाने स्नायू काही काळ निष्क्रिय ठेवला तर वापराअभावी तो बारीक होतो. हाँगकाँगच्या शल्यविशारदांनी २००१ मध्ये मोजक्या रुग्णांच्या स्नायूची जाडी ध्वनिलहरींच्या साह्याने मोजून हे दाखविले. त्यानंतर दक्षिण कोरियातून या विषयावर निबंधांची रीघ लागली, आणि २००४ मध्ये पोटरीचा स्नायू बारीक करण्याविषयीचे कामही तेथूनच आले. संशोधनाबरोबर उत्पादनही वाढले. चीनमधील लानचौ येथील संस्थेचे औषध १९९३ पासून तेथे वापरात आले होते. कोरियाचे स्वतःचे औषध २००६ मध्ये बाजारात आले, आणि २०१९ मध्ये एका कोरियन औषधास अमेरिकेत आठ्यांसाठी मान्यता मिळाली.

चर्वणस्नायू हा चेहऱ्यावरील हावभावाच्या पातळ स्नायूंसारखा नव्हे. त्याच्या ओढीवर जबड्याच्या हाडाचे पोषण अवलंबून असते. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सशांवर केलेल्या प्रयोगात (२०१२) या स्नायूस विष टोचल्यावर जबड्याच्या सांध्याजवळील हाडाची घनता घटल्याचे आढळले. माणसातही असेच होते किंवा कसे, याचा निर्णय लागण्यास दीर्घकाळ पाठपुरावा केलेले अभ्यास हवेत. वर्षानुवर्षे दर काही महिन्यांनी टोचून घेणाऱ्या तरुण स्त्रियांची संख्या त्या प्रदेशात मोठी असल्याने हा प्रश्न तेथील शास्त्रज्ञांनीच सोडविणे इष्ट होय.

याहून निराळ्या, आणि वस्तुतः अधिक मोलाच्या, वाटा काही अन्य केंद्रांनी चोखाळल्या. मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे पोटाच्या भिंतीला मोठे भगदाड पडलेल्या रुग्णांवर काम झाले. अशा हर्नियात बाजूचे स्नायू आखडून मागे गेलेले असतात. त्यांच्या कडा ओढून जुळवू गेल्यास टाके तुटतात. शस्त्रक्रियेपूर्वी त्या स्नायूंत विष टोचले असता चार आठवड्यांत भगदाडाची रुंदी सरासरी सुमारे ५ सेंटिमीटरने कमी झाली, असे २००९ मध्ये बारा रुग्णांच्या निरीक्षणावरून सांगण्यात आले. बारा ही संख्या लहान खरी, परंतु ही पद्धत पुढे अनेक देशांतील शल्यविशारदांनी उचलली. ब्राझीलमधील साओ पावलो येथे, बऱ्याच वर्षांचा चेहऱ्याचा पक्षाघात असलेल्या रुग्णांच्या निरोगी बाजूस टोचून समतोल साधण्याच्या जुन्या कल्पनेचा पद्धतशीर अभ्यास झाला.

जखमेच्या वणाविषयीचे काम अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये सुरू झाले. शिवलेल्या जखमेच्या दोन्ही कडा खालचे स्नायू सतत ओढीत असतात, त्यामुळे वण रुंदावतो. ही ओढ तीन महिने थांबविली तर? प्रथम माकडांवर (२०००) व नंतर कपाळावर जखमा असलेल्या ३१ रुग्णांवर (२००६) हे पाहिले गेले. ताइवानमधील चांग गुंग रुग्णालयाने तोच विचार दुभंगलेल्या ओठाच्या शिशूंना लावला. शस्त्रक्रियेच्या वेळी काहींना विष व काहींना निष्क्रिय द्रव देण्यात आला, आणि कोणास काय दिले हे वण तपासणाऱ्यास ठाऊक नव्हते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विष दिलेल्या शिशूंचे वण अरुंद झाले. परंतु वणाचा रंग, उंची व लवचिकपणा यांत फरक पडला नाही. लाभ किती आणि कोठे थांबतो, हे दोन्ही सांगणारा असा अभ्यास या क्षेत्रात विरळाच आढळतो.

प्रतिकूल निष्कर्षही नोंदले पाहिजेत. थंडीत वा ताणाखाली बोटांच्या रक्तवाहिन्या आवळून ती पांढरी पडण्याच्या विकारात विष टोचल्याने वेदना कमी होतात, असे अमेरिकेतील हस्तशल्यविशारदांनी २००७ पासून मांडले होते. मात्र जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकाच रुग्णाच्या एका हातास विष व दुसऱ्यास मिठाचे पाणी देऊन तुलना केली, तेव्हा रक्तपुरवठ्यात अपेक्षित वाढ दिसली नाही.

भारतापुरता विचार केल्यास दोन विषय ठळकपणे पुढे येतात. दुभंगलेल्या ओठाची हजारो बालके येथे दरवर्षी जन्मतात. ताइवानचा अनुभव येथील त्वचेस, येथील पोषणास आणि अनेकदा उशिरा होणाऱ्या शस्त्रक्रियेस लागू पडतो काय, हे येथेच मोजावे लागेल. दुसरा विषय उघड्या राहणाऱ्या डोळ्याचा. जगातील कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात. या रोगात चेहऱ्याचा मज्जातंतू बिघडल्यास पापणी मिटत नाही. शेतातील धूळ व वारा यांनी बुबुळ कोरडे पडून दृष्टी जाते. लंडनच्या नेत्रवैद्यांनी १९८० नंतरच्या दशकात एक युक्ती योजली होती. पापणी उचलणाऱ्या स्नायूस विष टोचावे, म्हणजे पापणी आपोआप खाली येऊन बुबुळ झाकले जाते. तात्पुरत्या पक्षाघातात ही युक्ती नामी आहे. कुष्ठरोगात पक्षाघात पुष्कळदा कायमचा असतो, आणि तीन महिन्यांनी उतरणाऱ्या औषधाने तेथे भागत नाही. स्नायू फिरवून पापणीस जोडण्याची शस्त्रक्रियाच करावी लागते. शस्त्रक्रियेची पाळी येईपर्यंत डोळा वाचविणे, एवढाच विषाचा उपयोग संभवतो. बहुतेक कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवाव्या लागतात, ही अडचण ग्रामीण रुग्णालयांत लहान नाही.

देशोदेशीच्या अभ्यासांची तुलना करताना मात्रेचे मापही नीट समजून घेतले पाहिजे. या औषधाची मात्रा एककांत सांगतात. उंदरांच्या गटापैकी निम्मे मरतील एवढे विष म्हणजे एक एकक. परंतु प्रत्येक उत्पादकाची परीक्षापद्धती वेगळी असल्याने एकाचे एकक दुसऱ्याच्या एककाबरोबर नसते. आठ्यांसाठी अमेरिकी बोटॉक्सची मात्रा २० एकके, तर इंग्लंडमधील पोर्टन येथे उगम पावलेल्या डिस्पोर्टची ५०. निबंधातील औषधाचे नाव न वाचता केवळ आकडा उचलणे धोक्याचे होय. बोटॉक्सच्या १०० एककांच्या कुपीत विषाचा अंश अवघा ५ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्जावे भाग पाच, इतकाच असतो; त्यामुळे मापातील चूक डोळ्यांना दिसण्याजोगी नसते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २००४ मध्ये चौघांना प्रयोगशाळेच्या कामासाठी बनविलेले, मानवी वापरास मनाई असलेले विष टोचण्यात आले, व त्यांचे सर्वांग लुळे पडले. २०२३ च्या आरंभी तुर्कस्तानात वजन घटविण्यासाठी जठराच्या भिंतीत विष टोचून घेतलेल्या ऐंशीहून अधिक व्यक्तींना विषबाधा झाली. त्यांपैकी अनेक जण जर्मनी व अन्य युरोपीय देशांतून तेथे गेलेले होते. अशा वेळी घोड्याच्या रक्तापासून केलेले प्रतिविष देतात. ते रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधून ठेवते. मज्जातंतूच्या टोकात एकदा शिरलेल्या विषावर मात्र त्याची मात्रा चालत नाही. मूळ टोके पुन्हा कामास लागेपर्यंत रुग्णाला आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने, श्वसनयंत्राच्या आधारे जगवावे लागते.