‘बाबा’ म्हणवून घेण्यापूर्वी

गोकुळाष्टमीच्या कीर्तनात यशोदेच्या वात्सल्याचे वर्णन सुरू झाले म्हणजे श्रोत्यांचे डोळे पाणावतात. नंदाचा उल्लेख मात्र बहुधा ओझरताच होतो. वस्तुतः नंदाची थोरवी लहान नाही. कृष्णाला त्याने आपल्या घरी वाढविले, गाईवासरांची राखण शिकविली, आणि कंसवधानंतर वसुदेव-देवकीचा पुत्र त्यांच्यापाशी ठेवून तो मथुरेहून गोकुळास परतला. कण्वांनी शकुंतलेस वाढविले ते तिला आश्रमात अडकवून ठेवण्यासाठी नव्हे. अधिरथ सारथ्याने नदीतून वाहत आलेले मूल घरी नेले व कर्णास पित्याचे छत्र दिले. परक्या बालकाचा सांभाळ हे पुरुषाचेही कर्तव्य आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस नवी नव्हती.

या पाठाचे निमित्त एका सभासदाच्या प्रश्नातून निर्माण झाले. हे गृहस्थ पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले असून त्यांची कन्या केनियातील नैरोबी शहरी राहते. दरवर्षी काही महिने त्यांचा मुक्काम तिकडे असतो. तेथील एका बालगृहात पंधरा दिवस सेवेस जावे, असे त्यांच्या मनात आले. घरात त्यावर दोन मते पडली. सौभाग्यवती म्हणाल्या, “मुले सांभाळणे हे का पुरुषाचे काम?” चिरंजीव म्हणाले, “जाऊ द्या त्यांना. पंधरा दिवस प्रेम मिळाले तरी त्या पोरांना तेवढेच सुख!” गृहस्थांनी दोन्ही मते अभ्यासवर्गापुढे ठेवली. ती दोन्ही तपासून पाहणे हा या पाठाचा हेतू आहे.

१. हे पुरुषाचे काम नव्हे काय?

पोलंड देशात वॉर्सा शहरी यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर होऊन गेले. मुलांचे डॉक्टर म्हणून त्यांचा लौकिक होता व लेखक म्हणूनही त्यांचे नाव घरोघरी झाले होते. असे असता 1912 साली ज्यू अनाथ मुलांसाठी उघडलेल्या एका बालगृहाची धुरा त्यांनी स्वीकारली आणि पुढील तीस वर्षे त्याच कामात घालविली. स्टेफानिया विल्चिन्स्का या विदुषी त्यांच्या सहकारी होत्या. घराची दैनंदिन व्यवस्था मुख्यतः त्यांच्याच हाती असे.

कोर्चाक यांच्या कामाची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. ते मुलांची वजने व उंची नियमाने मोजून त्याची नोंद ठेवीत. जेवणानंतर पुष्कळदा स्वतः ताटे गोळा करीत. संचालकाने उष्टी भांडी का उचलावीत, असे कोणास वाटे. पण कोणती ताटली तडकली आहे, कोणता चमचा वाकला आहे, कोणत्या मुलाने अन्न तसेच टाकले आहे, हे भांडी उचलणाऱ्यालाच कळते, अशी त्यांची धारणा होती. त्या घरात मुलांचे एक न्यायालय असे. त्याच्या संहितेत शिक्षेपेक्षा क्षमेची कलमेच अधिक होती, आणि खुद्द कोर्चाकही आरोपी म्हणून त्यापुढे उभे राहिले होते. तेथे उमेदवारी करणाऱ्या तरुण शिक्षकांना निवासाच्या बदल्यात रोज काही तास काम करावे लागे व आपली निरीक्षणे लिहून दाखवावी लागत. मुलांविषयी कळवळा असणे पुरेसे नाही, तर पाहणे, नोंदणे आणि चूक सुधारणे हेही शिकले पाहिजे, हा त्यातील अर्थ होय.

पुढे जर्मनांनी पोलंड व्यापला व वॉर्सातील ज्यूंना भिंतीआड कोंडले. त्या उपासमारीत 18 जुलै 1942 रोजी त्या घरातील मुलांनी एक नाटक केले. ते रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ होते. खोलीत अडकून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी अमलची ती कथा बंगालमधून निघून पोलंडमधील त्या कोंडलेल्या मुलांपर्यंत पोहोचली होती. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, ऑगस्टच्या आरंभी, सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे नेण्यात आले. सुटकेचे मार्ग सुचविले गेले असताही कोर्चाक मुलांना सोडून गेले नाहीत. तेही व स्टेफानियाबाईही मुलांबरोबरच गेल्या, आणि तेथेच त्यांचा अंत झाला.

याच सुमारास, 1942 साली, रशियात हद्दपार झालेली पोलिश मुले आपल्या देशात आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे त्यांच्यासाठी वसतिस्थान उभारले. पाठोपाठ कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश स्त्रिया-मुलांची मोठी वसाहत झाली व ती 1948 पर्यंत टिकली. त्या मुलांच्या दृष्टीने परदेश म्हणजे आपला देशच होता. जामसाहेबांनी त्यांना निवारा दिला, पण त्यांची भाषा व त्यांचे शिक्षक त्यांच्यापाशी राहू दिले. आज वॉर्सामध्ये त्यांच्या स्मरणार्थ एका चौकाला ‘सज्जन महाराज’ असे नाव आहे.

तात्पर्य, सौभाग्यवतींच्या शंकेचे उत्तर मिळाले. बालगृहांत सांभाळणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात, आणि वाढत्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, शब्दाला जागणारा, न रागावता शिकविणारा, हाताने काम करणारा पुरुष क्वचितच जवळून पाहावयास मिळतो. पुरुषांनी या कामाकडे पाठ फिरविणे म्हणजे आपल्या वाट्याचे अर्धे ओझे स्त्रियांच्या डोक्यावर ठेवणे होय.

२. पंधरा दिवसांचे प्रेम

आता चिरंजिवांचे मत पाहू. ते ऐकण्यास गोड आहे म्हणूनच अधिक काळजीने तपासले पाहिजे.

ब्रिटिश मनोवैज्ञानिक जॉन बोल्बी यांनी 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. लहान मुलाला एका व्यक्तीचा जिव्हाळ्याचा व अखंड सहवास लाभला नाही तर त्याच्या मनाची वाढ खुंटते, असे त्यांनी दाखविले. पुढे रुमानियातील बुखारेस्ट येथे 2000 सालापासून 136 मुलांचा अभ्यास झाला. ही सर्व मुले संस्थांत राहणारी होती. त्यांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने निवडून पालक कुटुंबांत ठेवण्यात आली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी व माया लावण्याची शक्ती अधिक चांगली वाढली, आणि दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले त्यांचा लाभ विशेष ठरला. संस्थेत अन्नवस्त्र असूनही जे उणे होते ते म्हणजे रोज तेच असणारे, आपले असे माणूस.

अशा मुलापाशी पंधरा दिवसांचा पाहुणा येतो, त्याला मांडीवर घेतो, खेळणी वाटतो, छायाचित्रे काढतो व निघून जातो. पुढच्या पंधरवड्यात दुसरा येतो. पाहुणा समाधानाने घरी परततो, मूल मात्र पुन्हा एकदा सोडले जाते. अनोळखी माणसाच्या गळ्यात क्षणात पडणारे मूल पाहून आपणास वाटते, केवढे प्रेमळ! जाणकार सांगतात की अशी सलगी पुष्कळदा प्रेमाची नव्हे, उपासमारीची खूण असते.

याहून कटू अशी एक गोष्ट आहे. संस्थेत दिसणारे प्रत्येक मूल अनाथ असतेच असे नाही. कंबोडियातील अशा मुलांपैकी चारांत तिघांचे आईबापांपैकी निदान एक जण हयात असल्याचे युनिसेफने दाखवून दिले आहे. दारिद्र्यामुळे, शिक्षणाच्या आशेने, कधी दलालांच्या फसवणुकीने ती मुले तेथे येतात, आणि परदेशी पाहुण्यांच्या पैशामुळे काही ठिकाणी मुले गोळा करणे हाच धंदा होऊन बसतो. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने 2017 साली या प्रकाराची चौकशी केली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2019 साली अशा पाहुणसेवेच्या धोक्याची दखल घेतली. केनियानेही 2017 साली नव्या बालगृहांची नोंदणी थांबविली, व 2022 ते 2032 या काळासाठी मुलांना कुटुंबांकडे परत नेण्याचे धोरण आखले आहे.

मुलाची आई गावी वाट पाहत असता आपण दिलेल्या देणगीने ते मूल संस्थेतच अडकून राहिले, तर ते पुण्य कोणाच्या खात्यावर जमा होईल?

३. मग जाऊ नये काय?

जावे. परंतु आपणास प्रेम मिळावे म्हणून जाऊ नये, उपयोगी पडण्यासाठी जावे. त्याचे नियम थोडक्यात असे.

पहिला नियम, संस्थेची परीक्षा करावी. ती त्या देशाच्या सरकारात नोंदलेली आहे काय? किती मुलांचे नातलग हयात आहेत, आणि त्यांची भेट घडविण्यासाठी संस्था काय करते? या प्रश्नांचे स्पष्ट उत्तर न देणाऱ्या संस्थेस दुरूनच नमस्कार करावा.

दुसरा नियम, आपली परीक्षा करू द्यावी. मुलांच्या आसऱ्याला दुष्ट हेतूने येणारे पुरुष जगात आहेत, हे सत्य लपवून चालणार नाही. म्हणून पोलिसांचा दाखला व ओळखीच्या प्रतिष्ठितांची पत्रे मागितली गेल्यास सज्जनाने अपमान मानू नये. जी संस्था काहीही न विचारता दार उघडते, ती आपल्याप्रमाणेच दुर्जनासही उघडते. मुलाबरोबर एकांतात राहू नये, त्याचे छायाचित्र काढून लोकांत फिरवू नये, आणि भेटवस्तू मुलाच्या हाती न देता व्यवस्थापकाकडे द्यावी. प्रवासी परवान्यावर सेवा करता येते असेही गृहीत धरू नये. त्या देशाचा कायदा आधी विचारून घ्यावा.

तिसरा नियम, आपल्या विद्येचे काम पत्करावे. तान्ह्यांना भरविणे व निजविणे हे कायम राहणाऱ्या माणसांचे काम आहे. पाहुण्याने पावसाच्या पाण्याची टाकी दुरुस्त करावी, विजेच्या तारा तपासाव्यात, हिशेब नीट लावून द्यावेत, सांभाळणाऱ्या स्त्रियांचा भार हलका करावा, मोठ्या मुलांना संस्थेच्या शिक्षकासमक्ष हातचे काम शिकवावे. टाकी वर्षानुवर्षे पाणी देईल, शिकलेला हात जन्मभर पोट भरील. आपण गेल्यावर जे उरते तेच आपल्या सेवेचे माप होय.

चौथा नियम, राहण्याचा काळ लांब असावा व तो पहिल्याच दिवशी मुलांना सांगावा. ‘पुन्हा येईन’ हा शब्द पाळता येणार असेल तरच उच्चारावा. आपल्याला तो निरोपाचा उपचार वाटतो, मूल त्यावर दिवस मोजते.

४. चार शब्द

केनियात स्वाहिली भाषा चालते. तिच्यातील चार शब्द ऐकून मराठी माणसास मौज वाटेल. त्या भाषेत ‘मामा’ म्हणजे आई, ‘दादा’ म्हणजे बहीण आणि ‘काका’ म्हणजे भाऊ. ‘बाबा’ म्हणजे मात्र आपल्याप्रमाणेच वडील. आपल्या वयाच्या गृहस्थाला पाहून एखादे मूल ‘बाबा’ म्हणेल, तेव्हा तो शब्द थेट आपल्या काळजाला भिडेल. अशा वेळी स्वतःस विचारावे, मी या शब्दाचा भार आयुष्यभर वाहणार आहे काय? नसेन, तर तो शब्द त्याच्या खऱ्या पित्यासाठी किंवा त्याला घरी नेणाऱ्या माणसासाठी राखून ठेवावा, आणि आपण ‘काका’ व्हावे. आपल्या भाषेतही तो आप्त आहे व त्यांच्या भाषेतही.

ज्या सभासदांच्या प्रश्नावरून हे विवेचन निघाले, त्यांनी पुढे दोन बालगृहांना पत्रे पाठविली. एकाने लिहिले, “केव्हाही या, अमुक शुल्क भरा, मुलांशी खेळा.” दुसऱ्याचे उत्तर रुक्ष होते. मुलांच्या निजण्याच्या खोल्यांत पाहुण्यांना प्रवेश नाही, पोलिसांचा दाखला आधी पाठवावा, सहा महिन्यांहून कमी काळ असल्यास येऊ नये. मात्र पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या: आमची टाकी गळते, आणि चार मोठ्या मुलांना नळकाम शिकावयाचे आहे. गृहस्थांनी पहिले पत्र बाजूस ठेवले. सध्या ते दाखल्याच्या व परवान्याच्या खटपटीत असून सकाळी स्वाहिलीचे धडे गिरवितात. सौभाग्यवतींनीही त्यांची हत्यारांची पेटी स्वतः पुसून ठेवली आहे.

आपल्या मंडळींत नोकरीनिमित्त परदेशी असलेले तरुण आहेत, लेकीसुनांकडे जाऊन राहणारे निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांच्या हाती विद्या आहे व वेळही आहे. त्यांनी या हाकेचा विचार करावा. नंदाने कृष्णाला वाढविले, आणि वेळ येताच ज्याचे त्याला देऊन तो माघारी आला. त्या माघारी येण्यात त्याचे प्रेम उणे झाले नाही, ते पुरे झाले. तशी सेवा आपल्या हातून घडो, ही श्रीचरणी प्रार्थना.

मननासाठी प्रश्न

१. यशोदेची आठवण आपण ठेवतो, नंदाची का ठेवीत नाही? आपल्या घरात मुलांच्या सांभाळात पुरुषांचा वाटा किती?
२. कोर्चाक स्वतः भांडी का उचलीत? आपण करीत असलेल्या सेवेत असे ‘भांडी उचलण्याचे’ काम कोणते?
३. आपल्या शहरातील बालगृहास आपण सणावारी मिठाई वाटावयास जातो, त्यात मुलाचे समाधान किती व आपले किती?
४. आपण निघून आल्यावर तेथे काय उरेल?